दर पावसात खाणीतून गढूळ पाणी बाहेर जातंय, डंप खचतोय: तपासायला सुरुवात कुठून करायची

दगडखाणीतल्या पावसाळी तक्रारी वरवर वेगवेगळ्या दिसतात, पण येतात घोळक्यानेच. खालच्यांपैकी तीन-चार गोष्टी तुमच्याकडे एकदम दिसत असतील, तर दुखणं बहुधा एकच आहे.

लक्षणं

- पाऊस थांबून बराच वेळ झाला तरी खाणीबाहेर पडणारं पाणी गढूळच असतं. गाळाचं तळं, म्हणजे बाहेर सोडण्याआधी पाण्यातला गाळ बसवायला खणलेलं तळं, नुकतंच उपसलेलं असलं तरीही.
- तळ्याच्या एका बाजूने पाण्याची धार सरळ सांडव्याकडे जाते आणि उरलेल्या तळ्यात काडीसुद्धा हलत नाही.
- टाकाऊ दगडमातीच्या डंपवर दर वर्षी त्याच जागी ओघळ पडतो. मुरूम टाकून बुजवला, की पुढच्या पावसात आणखी खोल होतो.
- डंपच्या माथ्यावर, कडेला समांतर बारीक भेग दिसते.
- डंपच्या पायथ्याशी उन्हातही ओल असते, किंवा जमीन थोडी फुगल्यासारखी वाटते.
- डंपरच्या रस्त्यावर पाणी बाजूच्या गटारात न जाता चाकोरीतूनच खाली धावतं.
- कड्यावरचे दगड पावसात सुटत नाहीत, पाऊस उघडल्यावर एक-दोन दिवसांनी सुटतात.

यातली भेग रोज रुंदावत असेल, पायथा फुगत असेल, किंवा डंपमधून अथवा तळ्याच्या बांधातून झिरपणारं पाणी गढूळ असेल, तर खालची क्रमवार तपासणी करत बसू नका. आधी शेवटचा 'इथे हात थांबवा' हा भाग वाचा.

बाकीच्यांसाठी एक गोष्ट सुरुवातीलाच. बहुतेक ठिकाणी पहिला उपाय म्हणून तळं मोठं करायचं ठरतं. पोकलेन लागतो, दिवस जातात, आणि पुढच्या मोठ्या पावसात पाणी तितकंच गढूळ निघतं. कारण गडबड तळ्यात नसते, तळ्याच्या खूप वर असते. जे पाणी खाणीत यायलाच नको होतं ते आत येतं, सुट्या मातीवरून धावतं आणि गढूळ होतं. त्याच पाण्यातलं काही डंपमध्ये मुरतं आणि डंप खचतो. म्हणून तपासणी पाणी बाहेर पडतं तिथून नाही, आत येतं तिथून सुरू करायची.

पहिली तपासणी: भर पावसात हद्दीवरून चक्कर

याला छत्री, गमबूट आणि मोबाइल एवढंच लागतं, पण कोणी करत नाही. पाऊस सुरू झाला की सगळे केबिनमध्ये जातात आणि उघडल्यावर जे दिसतं ते बघून अंदाज बांधतात. कोरड्या दिवशी खाण बघून पाणी कळत नाही.

जोराच्या पावसात सोबत एक माणूस घ्या आणि खाणीच्या वरच्या बाजूने हद्द धरून चाला. कड्याच्या टोकाशी जायचं नाही, कड्याखाली उभं राहायचं नाही, डंपच्या उतारावर पाय ठेवायचा नाही, आणि विजा कडाडत असतील तर मुळीच निघायचं नाही. वरच्या शेता-माळावरून आत उतरणारी प्रत्येक धार शोधा आणि तिचा रंग बघा. वर निवळशंख असलेली धार कोणत्या जागेपासून गढूळ होते, तिथे खूण करा आणि व्हिडिओ घ्या.

हे का महत्त्वाचं, ते एका हिशेबाने कळतं. १ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० घनमीटर पाणी, म्हणजे १०,००० लिटर. तासात ५० मिलिमीटर पडला आणि वरच्या बाजूचा २ हेक्टर उतार तुमच्याकडे ओतत असेल, तर त्या तासात त्या उतारावर १,००० घनमीटर पाणी पडलं. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं बरंचसं खाली येतंच. इतकं पाणी बाहेरच्या बाहेर वळवता आलं, तर तळ्याला त्याच्याशी झगडावंच लागत नाही.

दुसरी तपासणी: बाटली

पारदर्शक, सरळ बाजूंची रिकामी बाटली घ्या. तळ्यात शिरणाऱ्या पाण्याने एक भरा, सांडव्यावरून पडणाऱ्या पाण्याने दुसरी. दोन्हींवर वेळ लिहा आणि हलणार नाहीत अशा ठिकाणी ठेवा. तासाभराने बघा, संध्याकाळी बघा, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा.

कण बसायला लागणारा वेळ कणाच्या जाडीच्या वर्गावर ठरतो. जाडी दहा पट कमी झाली की वेळ शंभर पट वाढतो. ०.१ मिलिमीटरची बारीक वाळू स्थिर पाण्यात १ मीटर खाली जायला दोन-अडीच मिनिटं घेते. ०.०१ मिलिमीटरच्या कणाला तेवढ्याच अंतराला साधारण ३ तास लागतात. ०.००१ मिलिमीटरच्या चिकणमातीला जवळजवळ १३ दिवस, आणि तेही पाणी अजिबात हललं नाही तर.

बाटलीतलं पाणी काही तासांत निवळलं, तर तळं हे काम करू शकतं. करत नसेल तर तळ्याच्या रचनेत खोट आहे. दुसऱ्या दिवशीही बाटली दुधाळ असेल, तर ती चिकणमाती आहे आणि कितीही मोठं तळं खणलं तरी ती त्यात बसणार नाही. ती जिथून सुटते तिथेच धरावी लागेल. मी ही बाटली बघितल्याशिवाय तळ्याबद्दल मत देत नाही.

बाटलीसोबत दोन गोष्टी बघून टाका: पाण्यावर तेलाचा तवंग आहे का, आणि झिरपणाऱ्या पाण्याखाली दगडांवर नारिंगी थर बसतोय का. तवंग म्हणजे डिझेल भरण्याची जागा किंवा गॅरेजचं पाणी ओघात मिसळतंय. नारिंगी थर असेल तर पीएच पट्टी बुडवा. पाणी आम्ल निघालं तर दगडात गंधकयुक्त खनिज असू शकतं आणि तो प्रश्न गाळाचा राहत नाही, प्रयोगशाळेचा होतो.

तिसरी तपासणी: पंपाचा फूटव्हॉल्व्ह कुठे आहे

खाणीच्या तळात साचलेलं पाणी उपसताना सक्शन पाइप (पाणी ओढणारा पाइप, त्याच्या टोकाची झडप म्हणजे फूटव्हॉल्व्ह) तळाशी टेकलेला असतो, आणि पंप पाण्याबरोबर चिखलही ओढतो. ज्या खाणींत पाऊस नसतानाही बाहेरचं पाणी गढूळ दिसतं, तिथे मी सगळ्यात आधी हेच बघतो. रिकाम्या सीलबंद ड्रमला सक्शन बांधून फूटव्हॉल्व्ह पृष्ठभागाच्या थोडा खाली तरंगता ठेवा. मोठ्या पावसानंतर लगेच पंप सुरू करायची घाई नसेल तर पाणी एक रात्र तिथेच बसू द्या. खाणीचा खड्डा हेच तुमचं सगळ्यात मोठं तळं आहे. आणि पंपाचं तोंड डंपच्या अंगावर किंवा माथ्यावर सोडलेलं नाही ना, हेही बघा. हसू नका, असं असतं.

चौथी तपासणी: डंपरचा रस्ता

गढूळ पाण्याचा मोठा वाटा बऱ्याचदा डंपपेक्षा रस्त्यावरून येतो. चाकांखाली खडीचं पीठ होतं, पावसात त्याचा राबडा होतो, आणि चाकोऱ्या त्याला सरळ खाली नेतात. उतारावरचा लांब रस्ता हा पावसात रस्ता नसतोच, ओढा असतो.

रस्त्याला आडवा उतार आहे का ते लेव्हल ट्यूबने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) बघा. १० मीटर रुंदीला २० ते ४० सेंटिमीटर पुरतो. रस्ता कड्याकाठी असेल तर उतार आतल्या बाजूला, म्हणजे डोंगराकडे द्या. बाहेर दिला तर ओल्या चिखलात डंपरही त्याच बाजूला सरकतो. आतल्या बाजूला गटार, आणि ते पाणी ठरावीक अंतरावर मोरीतून पलीकडे काढायचं. मोऱ्या तुंबल्यात का ते टॉर्च मारून बघा. कडेचा सुरक्षा बांध सलग असेल तर पाणी रस्त्यावरच कोंडलं जातं. त्यात पाइप टाकून वाट द्या, पण बांध फोडू नका, आणि त्याची उंची सगळ्यात मोठ्या गाडीच्या चाकाच्या निम्म्याखाली येऊ देऊ नका.

ग्रेडर (रस्ता सपाट करणारं यंत्र) एकदा फिरवून चाकोऱ्या मोडल्या आणि वर जाड, धुतलेल्या खडीचा थर दिला, तर खालच्या पाण्यातला फरक पुढच्याच पावसात दिसतो. कच किंवा डस्ट, म्हणजे दगडाची बारीक भुकटी, मात्र रस्त्यावर पसरू नका. ती पसरायला छान आणि स्वस्त पडते, पण पहिल्या सरीला तळ्यात जाऊन बसते.

पाचवी तपासणी: वरचा चर

खाणीच्या वर पाणी वळवायला खणलेला चर बहुतेक ठिकाणी असतो. कागदावर तर असतोच. तो शेवटपर्यंत चालत जाऊन बघा, कारण त्यात तीन खोडी नेहमी निघतात.

पहिली, चर मध्येच बुजलेला असतो. गुरांची वाट, पडलेली दरड, नाहीतर कुणीतरी गाडी जावी म्हणून टाकलेला मुरूम. पाणी तिथे तुंबतं आणि चराची खालची कड फोडून थेट कड्यावरून खाणीत उतरतं.

दुसरी, उतार चुकलेला असतो. मातीच्या चराला १०० मीटरला अर्धा ते एक मीटर उतार बरा. त्याहून कमी असेल तर गाळ बसतो, बराच जास्त असेल तर चर स्वतःच खणला जातो आणि तुम्ही गढूळ पाण्याचा नवा कारखाना उघडता. तीव्र उताराच्या पट्ट्यात दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) करा, दगड तर आपल्याकडेच आहे. पिचिंगखाली जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) किंवा बारीक खडीचा थर टाका, नाहीतर दगडांच्या फटींतून खालची माती निघून जाते. मध्ये दगडी आडबंध घालायचे तर मधला भाग कडांपेक्षा १५ सेंटिमीटर तरी खाली ठेवा. सपाट ठेवले तर पाणी बाजूने वळसा घालून काठ पोखरतं. दोन बंधांमधलं अंतर असं, की खालच्या बंधाचा माथा वरच्याच्या पायथ्याशी पातळीत यावा.

तिसरी खोड सगळ्यात महाग पडते. चर संपतो कुठे? निम्म्या वेळा तो डंपच्या खांद्यावर संपतो. आखला तेव्हा तिथे मोकळी जमीन होती, मग डंप वाढत वाढत तिथवर आला, आणि चर आता सगळं पाणी डंपच्या पोटात सोडतो. दर वर्षी त्याच जागी पडणाऱ्या ओघळाचं कोडं इथे सुटतं. ओघळ बुजवून काही होणार नाही. चराचं तोंड डंपच्या पलीकडे, पक्क्या जमिनीवर न्या आणि तिथे मोठे दगड पसरून पाण्याचा जोर मोडा.

जाता जाता गाळ अडवायच्या कापडी कुंपणाबद्दल. ते पसरून येणाऱ्या पातळ पाण्यासाठी आहे. वाहत्या चरात आडवं लावलं तर पहिल्या लोंढ्यात आडवं पडतं. आणि खालची कड जमिनीत १५ सेंटिमीटर पुरली नसेल तर पाणी खालून जातं, कापड वर शोभेला राहतं.

सहावी तपासणी: आता तळं

इथवरचं सगळं झालं असेल तरच. तळ्यात पाणी किती खोल आहे यापेक्षा ते किती पसरलं आहे यावर गाळ बसणं ठरतं. सेकंदाला १०० लिटर पाणी येत असेल आणि ०.०२ मिलिमीटरचे कण अडवायचे असतील, तर नुसत्या हिशेबाने सुमारे ३०० चौरस मीटर पृष्ठभाग लागतो. कण ०.०१ मिलिमीटरचे असतील तर जवळजवळ १,१०० चौरस मीटर. प्रत्यक्षात वारा आणि पाण्याची ढवळाढवळ धरून त्याहून जास्तच ठेवावं लागतं. खोली वाढवून गाळ साठवायला जागा मिळते, पाणी निवळत नाही.

पृष्ठभाग पुरेसा असूनही फायदा दिसत नसेल, तर पाणी लांबची वाट सोडून जवळची वाट धरतंय. तळ्याच्या तोंडाशी मूठभर भुसा टाका. तो सरळ रेषेत सांडव्याला पोचला, तर वापरात आहे फक्त तेवढा पट्टा. आत येणारं तोंड आणि सांडवा एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब हवेत, आणि लांबी रुंदीच्या निदान दुप्पट-तिप्पट. जागा चौकोनीच असेल तर मध्ये जाड कापडाचे किंवा दगडाचे आडोसे घालून पाण्याला वळणं द्या. तोंडाशी एक छोटा खड्डा वेगळा ठेवा. जाड वाळू तिथेच बसते आणि पोकलेन काठावर पक्क्या जमिनीवर उभा राहून ती उचलू शकतो. मुख्य तळ्यात खुणांचा खांब रोवा. गाळ निम्म्यावर आला की उपसायचा, पाऊस सुरू व्हायच्या आधी.

उपसलेला गाळ डंपच्या माथ्यावर नेऊन ओतायची सवय असेल तर ती इथेच मोडा. का, ते पुढे येतंच.

दुधाळ बाटलीवाल्यांना तुरटीचा किंवा पॉलिमरचा सल्ला मिळतो. काम होतं, पण मात्रा बाटल्यांमध्ये थोडी-थोडी वाढवून ठरवायची असते, अंदाजाने पोतं ओतायचं नसतं. तुरटीने पाणी आम्ल होतं आणि काही प्रकारचे पॉलिमर माशांना थेट विषारी असतात. बाहेरच्या ओढ्यात सोडायचं पाणी असेल तर हे जाणकाराच्या देखरेखीखालीच.

आणखी एक, तळं न पकडणारी गोष्ट: सुरुंगाच्या होलभोवती सांडलेलं स्फोटकातलं अमोनियम नायट्रेट. ते पाण्यात पूर्ण विरघळतं, त्यामुळे पाणी स्वच्छ दिसूनही खाली शेवाळ माजतं. ते गोळा करायचं काम परवानाधारक ब्लास्टरचं, साफसफाईवाल्या माणसाचं नाही.

सातवी तपासणी: डंप

डंपर कडेवरून माल ओततो तेव्हा मोठे दगड घरंगळत पायथ्याला जातात आणि बारीक माल वर राहतो. पायथ्याला दगड जमणं चांगलंच, पाणी निघून जातं. पण माथ्यावर बारीक मातीचा, त्यात ओल्या गाळाचा थर बसला, आणि मग त्यावर पुन्हा नवा डंप चढवला, तर मध्ये एक पाणी न सोडणारी थाळी तयार होते. वरून मुरलेलं पाणी तिच्यावर साचतं. डंप बहुधा तिथूनच घसरतो.

माथा बघा: डबकी साचतात का? उतार कडेकडे आहे की आत? तो कडेपासून दूर, आतल्या चराकडे हवा, आणि तिथून पिचिंग केलेल्या एकाच वाटेने खाली. उतार बघा: फोडलेला दगड नुसता ओतला तर साधारण ३५ ते ४० अंशांवर टिकतो, पण तो 'टिकतो' म्हणजे जेमतेम. माती मिसळलेला, पावसात राहणारा डंप उभ्या १ ला आडवा २, म्हणजे साधारण २७ अंशांवर आणायचा आणि मध्ये टप्पे ठेवायचे. कायमचा ठेवायचा असेल तर १ ला ३, म्हणजे गवत धरतं. सुपीक माती वेगळी, कमी उंचीच्या ढिगात, गवत पेरून ठेवली तर शेवटी हाताशी असते.

भेग दिसली तर तिच्या दोन्ही बाजूंना खुंट्या ठोका आणि अंतर रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा. खुंट्या ठोकताना घसरणाऱ्या बाजूला उभं राहायचं नाही, पावसात तर जायचंच नाही. भेग ताडपत्रीने झाका, पाणी तिच्यापासून दूर वळवा. भेगेत साचलेल्या पाण्याचा रेटा खोलीच्या वर्गाने वाढतो: २ मीटर भरलेली भेग दर मीटर लांबीला सुमारे २ टन रेटते, ४ मीटर भरलेली सुमारे ८ टन. डंपरचं वजन सोसणारी कड एका रात्रीच्या पावसाने का जाते, ते यावरून कळावं.

पायथ्याशी बारमाही ओल असेल तर डंपखाली झरा आहे का, हे जुन्या माणसांना विचारा. १९६६ मध्ये वेल्समधल्या अ‍ॅबरफॅन गावावर कोळसा खाणीचा डंप पावसानंतर घसरून आला. १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं होती. तो डंप झऱ्यावर रचलेला होता.

दगडी कड्याबद्दल लिहिण्यासारखं कमी आहे, कारण तिथे स्वतः करण्यासारखं कमी आहे. मोठ्या पावसानंतर माणूस आणि यंत्र कड्यापासून लांब ठेवा, बेंचवर (कड्यातल्या पायरीवर) पडलेला माल साफ असू द्या, म्हणजे सुटलेला दगड तिथे थांबेल, आणि पायथा खालून कोरून माल काढू नका.

इथे हात थांबवा

खुंट्यांमधलं अंतर रोज आधीच्या दिवसापेक्षा जास्त वाढत असेल, तर तो डंप किंवा कडा चालायला लागलाय. खालची माणसं, गाड्या, घरं, रस्ता लगेच रिकामं करा आणि भूतांत्रिक अभियंता (माती-दगडाच्या उतारांचा जाणकार) बोलवा. पायथ्याला पोकलेन लावून 'थोडा माल काढून' बघू नका. तोच माल वरचा डंप धरून आहे.

पायथ्यातून किंवा तळ्याच्या बांधातून येणारा पाझर स्वच्छ असेल तर लक्ष ठेवण्याची बाब. तोच गढूळ झाला, तर पाणी आतून माती वाहून नेतंय आणि पोकळी वाढतेय. तेही अभियंत्याचं काम, आणि त्याच दिवशीचं. तळ्याच्या बांधावरून पाणी सांडलं असेल, किंवा सांडवा सोडून बाकीच्या बांधाला पाण्याच्या वर निदान अर्धा मीटर मोकळी उंची उरत नसेल, तरीही. गाळाच्या तळ्यावर कोरडी खपली दिसली म्हणून त्यावर कोणी चालायचं नाही, यंत्र न्यायचं नाही. खाली चिखल तसाच असतो आणि माणूस त्यातून निघत नाही. कड्यावरचे सैल दगड पाडणं, डंपचा उतार बदलणं, बांध उंचावणं ही कामंही नकाशा आणि सही असल्याशिवाय सुरू करू नका.

अभियंता येण्याआधी या गोष्टी तयार ठेवा: खुंट्यांची वही, साध्या पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदी, भर पावसात काढलेले व्हिडिओ, डंप कोणत्या वर्षी कुठवर होता त्याचे जुने फोटो, ओला गाळ कुठे-कुठे ओतला त्या जागा, आणि डंपखाली पूर्वी ओढा, विहीर किंवा झरा होता का याची माहिती. यातली शेवटची गोष्ट नकाशात क्वचितच असते, म्हणून ती विचारून ठेवलेली असली तर त्यांचा पहिला दिवस वाचतो.